गिऱ्हाइकाचें समाधान

माल चोख असला आणि भाव वाजवी असला म्हणजे गिऱ्हाईक संतुष्ट झालेंच पाहिजे, अशी आपल्या बाजारांतील जुनी समजूत आहे. ही समजूत खोटी आहे असें आम्ही म्हणत नाहीं. पण ती अर्धीच खरी आहे. गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढतें तेव्हां हातांत पिशवी व खिशांत पैसे घेऊन येतें, त्याचप्रमाणें मनांत एक मापही घेऊन येतें. दुकानदाराच्या तराजूंत माल तोलला जातो खरा. परंतु तो पसंत पडणें न पडणें हें त्या मनांतल्या मापावर अवलंबून असतें. हें माप कोठून येतें, तें कोण घडवितें, आणि तें चुकीचें असल्यास नुकसान कोणाचें होतें, याचा विचार आपल्याकडे फारसा होत नाहीं. शाळेच्या वार्षिकांत बाजाराची चर्चा कशाला, असें एखाद्या पालकास वाटेल. त्यांस आमचें उत्तर असें कीं, आमचे विद्यार्थी आज ना उद्यां गिऱ्हाईक होणारच आहेत. किंबहुना पेन, बूट आणि मोबाईल यांच्या दुकानांत ते आजच आपल्या आईबापांहून अधिक अधिकारवाणीनें बोलतांना दिसतात.

परीक्षेचा निकाल लागतो त्या दिवशीं एकाच गल्लींतील दोन घरांत काय चालतें तें पाहावें. दोन्ही मुलांस शेंकडा ७२ गुण मिळालेले असतात. एका घरीं पेढे वाटले जातात. दुसऱ्या घरीं संध्याकाळपर्यंत कोणी कोणाशीं बोलत नाहीं. गुण तेच, गुणपत्रिका देणारें मंडळ तेंच. फरक आहे तो निकालापूर्वीं आईबापांनीं मनाशीं धरलेल्या आंकड्याचा. मुलाच्या हातीं फक्त अभ्यास होता. तो आंकडा त्याच्या हातीं नव्हता.

या गोष्टीचा पद्धतशीर अभ्यास अमेरिकेंत रिचर्ड कार्डोझो या अभ्यासकानें केला व तो १९६५ सालीं प्रसिद्ध झाला. त्यानें प्रयोग केला तो विद्यार्थ्यांवरच, आणि प्रयोगाची वस्तु होती लिहिण्याचें साधें पेन. ज्यांस आधीं उंची पेनांची आशा लावून ठेविली होती, त्यांच्या हातीं साधें पेन आलें तेव्हां त्यांस तें हिणकस वाटलें. ज्यांची अपेक्षाच साधी होती त्यांस तें तितकें वाईट वाटलें नाहीं. पुढें १९८० सालीं रिचर्ड ऑलिव्हर यांनीं हा विचार अधिक स्पष्ट करून मांडला: मनुष्य वस्तूचा अनुभव आपल्या पूर्वीच्या अपेक्षेशीं ताडून पाहतो, आणि समाधान अथवा नाराजी त्या दोहोंमधील अंतरांतून उपजते. कार्डोझोच्या प्रयोगांत आणखी एक मौज आढळली. वस्तु मिळविण्यासाठीं ज्यांस अधिक श्रम पडले होते, ते कमी श्रम पडलेल्यांपेक्षां अधिक संतुष्ट दिसले. या दुसऱ्या गोष्टीकडे आम्ही पुढें पुन्हां वळणार आहों.

पुस्तकांतील हा सिद्धांत आपल्या दारांत पाहावयाचा असल्यास माघ-फाल्गुनांत निफाड अथवा दिंडोरी तालुक्यांतील एखाद्या द्राक्षबागेंत जावें. ऑक्टोबरची छाटणी आटोपून वेलींवर घड दिसूं लागले कीं बागाईतदाराची झोंप उडते. घडांतील दाटी कमी व्हावी म्हणून मजूर बायका बारीक कात्री घेऊन एकेक मणी कापून काढितात. मणी लांबट व टपोरा व्हावा म्हणून घड जिबरेलिक आम्लाच्या पातळ द्रावणांत बुडवितात. अवेळीं पाऊस येऊं नये म्हणून आभाळाकडे पाहणें तर अहोरात्र चालूच असतें. एवढें सर्व झाल्यावर माल काढण्याचा दिवस उजाडतो, आणि मग प्रश्न येतो कीं, हें द्राक्ष चांगलें कीं वाईट?

याचें उत्तर वेलीवर नाहीं. तें खाणाराच्या गांवीं आहे. युरोपांतील दुकानदारास हिरवा, एकसारखा, १६ ते १८ मिलिमीटर जाडीचा मणी हवा असतो. उन्हाची पिंवळी झांक आली कीं त्याच्या नजरेंतून तो माल उतरला. रंग हिरवा राहावा म्हणून आपले शेतकरी घडांभोंवतीं जुन्या वर्तमानपत्राचा कागद गुंडाळितात. वाचून झालेल्या वर्तमानपत्राचा याहून चांगला उपयोग आम्हांस तरी ठाऊक नाहीं. उलट आपल्याकडील गिऱ्हाईक त्याच सोनेरी झांकेवर भाळतें, कारण पिंवळें पडलेलें द्राक्ष अधिक गोड हा आपला नित्याचा अनुभव. एकाच वेलीवरील दोन घडांपैकीं जो परदेशीं नापसंत, तो रविवार कारंजावरील हातगाडीवर आधीं खपतो. दोन्ही गिऱ्हाइकें आपापल्या परीनें खरीं आहेत. दोघांनाही शेतकऱ्याच्या श्रमाची सारखीच माहिती आहे, म्हणजे बहुधा मुळींच नाहीं!

अपेक्षा डोळ्यांस दिसणारी असेल तर शेतकरी ती निदान पुरी करूं तरी पाहतो. जी दिसत नाहीं तिची गोष्ट निराळी. २०१० सालीं आपल्या जिल्ह्यांतील व सांगलीकडील बागाईतदारांनीं युरोपांत पाठविलेल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड या द्रव्याचा अंश तेथील मर्यादेहून अधिक आढळला. वेलीची अनावश्यक वाढ रोखण्यासाठीं तें बागांतून वापरलें जात असे. माल बंदरांत अडकला, पुष्कळांचे पैसे बुडाले, आणि कित्येक कुटुंबांवर कर्जाचा डोंगर झाला. माल पाठविण्यापूर्वीं आपल्याकडे ज्या द्रव्यांची तपासणी होत असे, त्यांत त्या वेळीं याचें नांव नव्हतें. द्राक्ष तेंच होतें; त्याची गोडी एका रतीनेंही कमी झाली नव्हती. परंतु घेणाराच्या अपेक्षेंत एक ओळ अशी होती कीं ती पिकविणारापर्यंत पोंचलीच नव्हती. त्यानंतर तपासणी कडक झाली, आणि आज निर्यात करणारा शेतकरी कोणती फवारणी कोणत्या तारखेस केली याची वही घरांतल्या हिशेबाच्या वहीपेक्षां अधिक काळजीनें ठेवितो. आम्हांस यांत युरोपच्या गिऱ्हाइकाचा दोष दिसत नाहीं. अन्नांत औषधाचा अंश किती असावा हें विचारण्याचा त्यास अधिकार आहे. आमचें म्हणणें इतकेंच कीं, तोच प्रश्न नाशिकच्या गिऱ्हाइकानें आपल्या हातगाडीवाल्यास अद्याप विचारलेला नाहीं.

येथें आम्हांस एका सोप्या पण घातक उपदेशाचा समाचार घ्यावासा वाटतो. अपेक्षा कमी ठेवावी म्हणजे मनुष्य सुखी होतो, असें वडील मंडळी मुलांस सांगतात. गणिताच्या दृष्टीनें तें बरोबर असेल. पण रेशनच्या धान्यांत खडे, मोटारगाडीच्या थांब्यावर छप्पर नाहीं, दवाखान्यांत बसावयास बांक नाहीं, आणि यांवर "चालायचेंच" म्हणून संतुष्ट असलेला मनुष्य, हें चित्र आम्हांस समाधानाचें वाटत नाहीं. तें हार खाल्लेल्या मनाचें वाटतें. अशा ठिकाणीं गिऱ्हाइकाची अपेक्षा वाढविणें हेंच मोठें लोकशिक्षण होय. तें काम आपल्या महाराष्ट्रांत कांहीं मंडळींनीं मनापासून केलें आहे. बिंदुमाधव जोशी यांनीं १९७४ सालीं पुण्यास ग्राहक पंचायतीची चळवळ उभी केली, आणि दुसऱ्याच वर्षीं मुंबई ग्राहक पंचायत स्थापन झाली. पुढें १९८६ सालीं ग्राहक संरक्षणाचा कायदा झाला. २०१९ सालीं त्याची जागा नव्या कायद्यानें घेतली, आणि त्यांत फसव्या जाहिरातींबद्दल दंडाची तरतूद आहे. प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणीं आयोग आहे, व पांच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीची तक्रार तेथें दाखल करण्यास शुल्क पडत नाहीं. हें किती पालकांस माहीत आहे? वजन पुरें असावें, तारीख खरी असावी, सांगितलें तेंच पाकिटांत असावें, ही अपेक्षा लोभ नव्हे. ती सोडून मिळविलेलें समाधान फुकटच्या औदार्यासारखें असून त्याचा भुर्दंड आपल्याहून गरीब गिऱ्हाइकास बसतो.

अपेक्षा एका जागीं बसून राहत नाहीं, ही गोष्टही लक्षांत ठेविली पाहिजे. जपानांतील नोरिआकी कानो या पंडितानें १९८४ सालीं दाखविलें कीं, मालाचे कांहीं गुण असे असतात कीं ते असले तर कोणी वाखाणीत नाहीं, पण नसले तर सर्वजण चिडतात. आणि कांहीं गुण असे कीं ते नसले तरी चालतें, असले तर मन प्रसन्न होतें. कालांतरानें या दुसऱ्या वर्गांतील गुण पहिल्या वर्गांत जाऊन बसतात. १९७५ सालीं पंचवटी एक्स्प्रेस सुरू झाली तेव्हां सकाळीं मुंबईस जावें, काम उरकावें आणि रात्रीं घरीं जेवावयास यावें, याचें नाशिककरांस केवढें अप्रूप वाटलें असेल! आज त्याच गाडींत बसणारा मनुष्य इगतपुरीस दहा मिनिटें खोळंबला तर घड्याळाकडे असा पाहतो कीं जणूं काय त्याच्या घरीं दरोडा पडला आहे. गाडी बिघडलेली नाहीं. अप्रुपाची संवय झाली आहे. घरोघरीं मुलांच्या हातांतील वस्तूंचें हेंच होतें, आणि मग वाढदिवसाच्या भेटीचा आनंद दोन दिवसही कां टिकत नाहीं म्हणून आईबाप विस्मय करितात.

आतां ज्या उदाहरणासाठीं आम्ही लेखणी हातीं घेतली, तें येवल्याचें. येवला आपल्याच जिल्ह्यांतील तालुक्याचें गांव. तेथील पैठणी सर्वांस ऐकून माहीत आहे. पण ती कशी होते हें पाहिलेले फार थोडे. अस्सल पैठणीच्या पदरावरील मोर, मुनिया, कमळ अथवा आसावलीची वेल ही कापडावर मागाहून काढलेली नसते. ती कापडाबरोबरच विणली जाते. जेवढे रंग तेवढ्या लहान लहान कांड्या मागावर लोंबत असतात. विणकर एकेक कांडी बोटांनीं उचलून तिचा धागा ठरलेल्या ताण्यांतून नेतो, शेजारच्या रंगाच्या धाग्यांत अडकवितो आणि परत फिरवितो. फुलाच्या एका पाकळीस असे कितीतरी फेरे पडतात. नक्षी दाट असली तर दिवसभर बसून कांहीं इंचच काम पुढें सरकतें. साधी पैठणी मागावरून उतरण्यास महिना लागतो. भरगच्च पदराची असली तर सहा महिने, वर्ष किंवा त्याहूनही अधिक. या पद्धतीचा परिणाम असा कीं पदर उलटा केला तरी नक्षी तशीच स्वच्छ दिसते. यंत्रमागावरील नक्कल उलटी केली म्हणजे मागें मोकळे अथवा कापलेले धागे दिसतात.

एवढें कसब ज्या वस्तूंत आहे तिच्यावर गिऱ्हाइकानें लुब्ध व्हावें. पण नेहमीं तसें होत नाहीं. एखादी बाई लग्नाच्या खरेदीस येते. तिनें शहरांतील झगझगीत दुकानांत यंत्राच्या साड्या पाहिलेल्या असतात. त्यांवरील शंभर मोर एकाच सांच्यांतून काढल्यासारखे. तेंच माप मनांत धरून ती हातमागाच्या पदरावर बोट ठेवते आणि म्हणते, "दादा, हा मोर त्या मोराहून जरा बुटका दिसतो. भाव कमी करा." विणकर काय बोलणार? "ताई, हातानें विणलें आहे," एवढेंच तो म्हणतो. जी गोष्ट वस्तूच्या खरेपणाची खूण, तीच बाईच्या लेखीं तिचें वैगुण्य ठरली. यंत्राचा गुण हाताकडे मागितला आणि हाताची किंमत यंत्राइतकी ठरविली. मग दोघेही नाराज होऊन उठले तर नवल काय? त्या बाईस आम्ही मूर्ख म्हणणार नाहीं. तिला कोणी सांगितलेंच नव्हतें.

कांहींजणांनीं तर तिला नेमकें उलटें सांगितलें होतें. २००४ सालीं दूरचित्रवाणीवर "होम मिनिस्टर" हा कार्यक्रम सुरू झाला व त्यांत जिंकणाऱ्या गृहिणीस पैठणी मिळूं लागली. त्यामुळें पैठणीचें नांव घरोघरीं पोंचलें, ही चांगली गोष्ट झाली. पण नांव पोंचलें त्या वेगानें ज्ञान पोंचलें नाहीं, आणि मागणी आली त्या वेगानें हातमाग चालूं शकत नाहीं. मधल्या फटींत नक्कल शिरली. यंत्राची साडी यंत्राची म्हणून विकली तर आमची कांहीं तक्रार नाहीं. थोडक्या पैशांत मोराचा पदर नेसण्याची हौस कोणाची असली तर ती पुरी व्हावी. तक्रार आहे ती तिला "अस्सल" म्हणण्याबद्दल. असें एक खोटें लेबल दोन घरांचें नुकसान करितें. घेणारीस दोन वर्षांनीं जर काळवंडली म्हणजे पैठणी या वस्तूवरच रोष येतो. आणि विणकराच्या मुलास असें वाटूं लागतें कीं या मागावर बसण्यापेक्षां दुसऱ्याच्या दुकानांत साड्यांच्या घड्या घालणें बरें. २०१० च्या सुमारास पैठणीस भौगोलिक मानांकन मिळालें, म्हणजे ते नांव कोणी कोणत्या कापडास लावावें यास कायद्याची मर्यादा पडली. पण मानांकन कागदावर असतें आणि साडी गिऱ्हाइकाच्या हातांत असते. त्या हातास पारख नसेल तर कागद किती पुरणार?

यावरून आमचें मत असें बनलें आहे कीं, अपेक्षा वाढवावी कीं कमी करावी हा वादच व्यर्थ आहे. ती वस्तूस अनुरूप असावी. तराजूकडून, तारखेकडून, दुकानदाराच्या शब्दाकडून आपण तिळमात्र ढळूं नये. मनुष्याच्या हाताकडून, झाडाकडून, ऋतूकडून मात्र सांच्याचा एकसारखेपणा मागूं नये. आणि ही निवड करावयाची तर वस्तु कशी होते हें थोडें तरी माहीत पाहिजे. आपल्याकडे याच्या उलट चालतें. तोलांत फसविणाऱ्या दुकानदारासमोर आपण भिडेनें गप्प बसतों, आणि टोपली घेऊन दारीं आलेल्या म्हातारीशीं पांच रुपयांच्या मेथीसाठीं हुज्जत घालतों.

विक्रेत्यांसही दोन शब्द सांगितले पाहिजेत. जाहिरातींत जें वचन दिलें जातें तें फुकट नसतें. गिऱ्हाईक तें जपून ठेवितें आणि माल घरीं गेल्यावर त्याचा हिशेब मागतें. शहरांत ठिकठिकाणीं शिकवणीवर्गांचे मोठमोठे फलक लागलेले असतात, त्यांवर पहिल्या आलेल्या मुलांचीं हंसतमुख छायाचित्रें असतात. तो फलक पाहून जे पालक पैसे भरतात, त्यांच्या मनांत आपल्या मुलाचें छायाचित्र तेव्हांच टांगलें जातें. फलकावर न आलेल्या शेंकडों मुलांविषयीं त्यावर एक अक्षरही नसतें. वर्षअखेरीस जें घडतें त्याचें वर्णन आम्ही वर केलेंच आहे. वर्ग चालविणाऱ्यांनीं किती मुलें आलीं व त्यांपैकीं किती कोणत्या श्रेणींत गेलीं, एवढेंच छापावें; आमची खात्री आहे कीं शहाणे पालक तेवढ्यावरही येतील.

सुटींत येवल्यास जाण्याचा योग आला तर आमच्या वाचकांनीं एक गोष्ट करून पाहावी. कार्डोझोच्या श्रम पडलेल्या विद्यार्थ्यांची मौज त्यांत सांपडेल. एकदम भाव विचारूं नये. आधीं माग दाखवावयास सांगावें. बरोबरच्या मुलास विणकराजवळ बसवून त्याची बोटें कांड्यांतून कशीं फिरतात तें अर्धा तास पाहूं द्यावें, आणि एक पाकळी पुरी होण्यास किती फेरे पडले ते त्यास मोजावयास लावावें. मग पदर उलटून पाहावयास मागावा. हातमागाचा विणकर तो आनंदानें उलटून दाखवील. त्यानंतर आईनें किंमत विचारावी, आणि ती ऐकून मुलाच्या चेहऱ्यावर काय उमटतें तेंही पाहावें.